पान्याला हात लावू नका

प्रश्न: माझ्याकडे जुनी जिप्सी आहे. डोंगरात नेता यावी म्हणून अंबडच्या एका गॅरेजमध्ये पुढचे पाटे (स्प्रिंगा) बदलून ती उंच करून घेतली, पॉवर स्टिअरिंगही बसवलं. महिन्याच्या आत त्र्यंबक रोडला महिरावणीजवळ स्टिअरिंगचा रॉड तुटला, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. गुन्हा दाखल झाला, गाडी सुपुर्दनाम्यावर घरी आली आहे. गॅरेजवाला म्हणतो, विम्याचा सर्व्हेअर यायच्या आत जुने पाटे आणि दुसरा रॉड बसवून देतो. बसवू का? आणि भरपाई कोणी द्यायची?
(एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर: अजिबात बसवू नका. सुपुर्दनाम्यावर आलेली गाडी तुमच्या दारात उभी असली तरी ती कोर्टाच्या वतीने सांभाळायला दिलेली असते. तिच्यात बदल करणार नाही आणि बोलावलं की हजर करीन, असं बंधपत्रात बहुधा लिहिलेलं असतं. सही केलेला कागद काढून वाचा. अपघातातली गाडी मोटार वाहन निरीक्षक तपासतो, म्हणजे बदललेले पाटे बहुतेक त्याच्या अहवालात आलेच असणार. सर्व्हेअरला वेगळीच गाडी दिसली, तर आज जो निव्वळ हयगयीचा गुन्हा आहे त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २३८, म्हणजे पुरावा नाहीसा करणं, येऊन चिकटेल.

आणि गॅरेजवाल्याला एवढी घाई कशाची? तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. ड्रॅग लिंक, म्हणजे तुमचा तो स्टिअरिंगचा रॉड, मधोमध कापून, नळीचा तुकडा घालून लांब केलेली दिसते आणि तुटली ती बरोबर वेल्डिंगच्या कडेला. दुसऱ्या टोकाच्या बॉल जॉइंटवर रबरी टोपी नाही, नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ नेमकं हेच मागतो: बॉल जॉइंटला रबरी टोपी आणि बोल्ट-पिन पक्के लॉक केलेले. तो रॉड म्हणजे गॅरेजवाल्याविरुद्धचा तुमचा एकमेव साक्षीदार, आणि गॅरेजवाला तो स्वतः काढून न्यायला तयार आहे!

आता पैसे. जखमी माणसाची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल. ‘रॉड तुटला, मी काय करणार’ हे तिथे चालायचं नाही. जीपचं पुढचं टायर फुटून पादचाऱ्याचा जीव गेला, त्या कौशनुमा बेगम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली मालकाची चूक सिद्ध नसतानाही त्याला जबाबदार धरलं. फौजदारी खटल्यात मात्र रॉड तुटणं हा तुमचा खरा बचाव होऊ शकतो. तेही रॉड जागेवर असेल तरच.

तुमचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर ती रक्कम आधी विमा कंपनीने भरायची. गाडीत फेरफार केला एवढ्यावरून तिला जखमी माणसाकडे पाठ फिरवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये तिचे बचाव मोजकेच आहेत. त्यातला एक तुम्हाला अडचणीचा ठरू शकतो: पॉलिसी काढताना महत्त्वाची गोष्ट लपवणं. म्हणून तारखा बघा. पॉलिसी आधीची आणि काम नंतरचं असेल तर बरं. काम झाल्यावर नूतनीकरण करून गप्प बसला असाल, तर कंपनी तेच धरून बसेल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची फार आशा धरू नका. यांत्रिक बिघाड पॉलिसीत वगळलेलाच असतो. सर्व्हेअरला खरं सांगा. कंपनीने लेखी नकार दिला तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं.

तुमचाही दोष आहेच. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पाटे आणि स्टिअरिंग हे दोन बदल धरले जातील. पेठ रोडच्या आरटीओतून नोंदणी निलंबनाची नोटीस आली तर घाबरू नका, म्हणणं मांडायची संधी मिळते. पण गाडी मूळ रूपात आणायची ती कोर्टाची परवानगी घेऊनच.

गॅरेजवाल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. ‘गाडी फक्त ऑफरोडसाठी होती’ असं तो म्हणेल. मग चावी हातात देऊन त्यानेच ती अंबडच्या रस्त्यावर कशी जाऊ दिली, हे त्याला विचारा. तक्रारीत ‘फेरफार केला’ यावर भर देऊ नका, कारण तो तुम्हीच करायला सांगितलात. भर द्या निकृष्ट जोडकामावर. पक्कं बिल नसेल तर यूपीआयचा भरणा आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपा. त्याचा ‘दुसरा रॉड बसवून देतो’ हा निरोप तर आधी जपा.

आजच तुटलेल्या दोन्ही टोकांवर प्लास्टिकची पिशवी बांधा. पुसू नका, तेल-ग्रीस लावू नका, गंज चढला तर चढू द्या. मग तारीख दिसेल असे फोटो काढून तुमच्या वकिलाकडे द्या.