घरमालकाचा विमा भाडेकरूच्या उपयोगी पडतो का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि मुलगी चिंचवड येथे एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत होतो. गेल्या महिन्यात मध्यरात्री स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागच्या प्लगपाशी आग लागली. अग्निशमन दलाने ती विझवली आणि सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. मात्र आमचा फ्रिज, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आणि मालकांच्या ट्रॉल्या जळाल्या, धुराने व पाण्याने आमच्या गाद्या व कपाट खराब झाले आणि खालच्या फ्लॅटचे छत भिजले. घर राहण्याजोगे नसल्याने आम्ही नातेवाइकांकडे आलो आहोत, किल्ली अजून आमच्याकडेच आहे. मालकांच्या गृहकर्जासोबत घराचा विमा आहे, पण तुमचे सामान त्यात येत नाही असे विमा कंपनीच्या वतीने नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरने सांगितले. डिपॉझिट परत मिळणार नाही, या महिन्याचे भाडेही द्यावे लागेल, असे मालक म्हणतात. खालचे शेजारी छताचा खर्च मागत आहेत. त्या प्लगमधून ठिणग्या येतात हे मी दोन महिन्यांपूर्वी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले होते. ‘वायरमन पाठवतो’ असे उत्तर आले, वायरमन आला नाही. आमचा स्वतःचा विमा नाही. आता विमा काढून आगीची तारीख नंतरची दाखवावी, असे एका परिचितांनी सुचवले आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातील शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सर्व मार्ग त्यावर अवलंबून आहेत. घडून गेलेल्या नुकसानाचा विमा उतरवता येत नाही. अग्निशमन दलाच्या नोंदीत वर्दी मिळाल्याची तारीख आणि वेळ असते, सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या वहीत असते, मालकांच्या विमा कंपनीच्या फाइलमध्येही ती आता आली आहे. तारीख बदलून केलेला दावा फेटाळला जाईल, तुमच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला जाऊ शकेल आणि आज जी गोष्ट खरोखर तुमच्या बाजूने आहे, तिच्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. हा सल्ला पूर्णपणे बाजूला ठेवा. तसेच, तुमच्या वस्तू मालकांच्या म्हणून त्यांच्या दाव्यात घालू असा प्रस्ताव कोणाकडूनही आला, तर त्यालाही तितकाच स्पष्ट नकार द्या.

सर्व्हेअरने तुम्हाला सांगितले ते कठोर वाटले तरी कायद्याला धरून आहे. विम्याचा करार विमाधारक आणि कंपनी यांच्यात होतो आणि ज्या वस्तूच्या नुकसानाने विमाधारकाचे स्वतःचे आर्थिक नुकसान होते, त्याच वस्तूचा विमा त्याला उतरवता येतो. गृहकर्जासोबतचा विमा बहुतेक वेळा केवळ इमारतीचा, म्हणजे भिंती, छत, फरशी आणि बसवलेल्या वस्तूंचा असतो, आणि त्याचा पहिला हेतू बँकेचे कर्ज सुरक्षित राहावे हा असतो. त्यात घरातील सामानाचा समावेश असला, तरी ते सामान विमाधारकाचे आणि त्याच्या कुटुंबाचे; लायसन्सीचे, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याचे, नव्हे. सोसायटीच्या विम्याचेही तेच आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये आग व भूकंप यांसाठी इमारतीचा विमा उतरवण्याची तरतूद आहे, परंतु त्यातून भाडेकरूचा फ्रिज किंवा गादी भरून मिळत नाही. मेंटेनन्सच्या बिलात विम्याची रक्कम दिसते म्हणून अनेक भाडेकरू स्वतःला सुरक्षित समजतात, आणि हा गैरसमज आग लागल्यानंतरच दूर होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याहून महत्त्वाची आणि सहसा कोणी न सांगणारी गोष्ट अशी की मालकांचा विमा तुमच्या उपयोगी पडत नाही, इतकेच नव्हे, तर तो उद्या तुमच्या विरोधातही उभा राहू शकतो. विमा कंपनीने मालकांना भरपाई दिली की आग ज्याच्या चुकीमुळे लागली त्याच्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा मालकांचा हक्क कंपनीकडे येतो. याला सबरोगेशन म्हणतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली ‘इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन’ या प्रकरणात त्याचे स्वरूप सविस्तर स्पष्ट केले आहे. म्हणजे आगीचे कारण ‘लायसन्सीचा निष्काळजीपणा’ असे कागदावर आले, तर मालकांना दिलेल्या पैशांची नोटीस कंपनी तुम्हाला पाठवू शकते. म्हणून सर्व्हेअर किंवा तपासनीस तुमचा जबाब घ्यायला आला, तर जे घडले ते खरे आणि पूर्ण सांगा, परंतु दुसऱ्याने लिहून आणलेल्या मजकुरावर, विशेषतः ‘आमच्या उपकरणामुळे आग लागली’ अशा वाक्याखाली, सही करू नका. कारण तुम्हाला माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ हेच खरे उत्तर आहे.

यामुळे तुमच्या प्रकरणाचा कणा विमा नसून आगीचे कारण आहे, आणि येथे तुमची बाजू चांगली आहे. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असल्याने तो भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ खालील परवाना ठरतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मधील भाडेपट्टेदाराचे हक्क, उदाहरणार्थ मालकाने दुरुस्ती टाळल्यास ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करणे, तुम्हाला थेट लागू होत नाहीत. तुमचे हक्क मुख्यतः कराराच्या मजकुरातून आणि निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण कायद्यातून येतात. आपल्याकडच्या छापील करारांत मोठ्या दुरुस्त्या मालकाकडे आणि दिवे-नळ यांसारख्या किरकोळ दुरुस्त्या लायसन्सीकडे असतात. भिंतीतील वायरिंग आणि भिंतीत बसवलेला सॉकेट हा मिळकतीचा भाग आहे, त्यामुळे माझ्या मते ठिणग्या उडणाऱ्या सॉकेटची दुरुस्ती मालकांची जबाबदारी होती, आणि लेखी कळवूनही त्यांनी ती केली नाही. तुमच्याकडून एक प्रश्न मात्र नक्की विचारला जाईल : धोका दिसत असताना तुम्ही तोच सॉकेट का वापरत राहिलात? फ्रिजसाठी तेथे दुसरी सोय नव्हती, किंवा तुम्ही पुन्हा आठवण केली होती, असे असल्यास ते आताच लिहून ठेवा. न्यायालय काही दोष तुमच्याकडेही धरू शकते, हे मी लपवत नाही. फ्रिज एक्स्टेंशन बोर्डावर आणखी दोन उपकरणांसह चालत असेल, तर चित्र बरेच बदलते.

त्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाचे मोल तुमच्या जळालेल्या सामानाइतके आहे, असे समजून तो जपा. स्क्रीनशॉट पुरेसा नाही. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका, संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ई-मेलवर पाठवा आणि चॅटमधून काहीही, अगदी नंतरची भांडणेसुद्धा, पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. ते तुमचे वकील तयार करतील, पण त्यासाठी मूळ उपकरण हाताशी हवे. अग्निशमन दलाकडे अर्ज करून आगीचा अहवाल मिळवा. पोलिसांनी पंचनामा केला असल्यास त्याची प्रत घ्या. जळालेला प्लग, सॉकेटचा सांगाडा आणि फ्रिजची वायर भंगारात गेली नसेल तर ती कोणालाही देऊ नका, आणि मालकांनी भिंत रंगवून घेण्यापूर्वी स्वयंपाकघराचे फोटो काढा. काजळी कोठून वर चढली आहे, यावरून आगीचे मूळ सॉकेटमध्ये होते की फ्रिजच्या मोटारीत, हे जाणकार माणूस सांगू शकतो, आणि रंगाचा एक हात बसला की तो पुरावा कायमचा जातो.

डिपॉझिटबाबत मालकांची भूमिका टिकणारी नाही. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी वाजवी भरपाईच मिळते, आणि नुकसान मोजता येण्याजोगे असेल तर ते सिद्ध केल्याशिवाय अनामत रक्कम जप्त करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ‘कैलाश नाथ असोसिएट्स’ प्रकरणात सांगितले आहे. त्यातही ज्या ट्रॉल्यांचे पैसे विमा कंपनी मालकांना देणार आहे, त्याच ट्रॉल्यांचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून कापणे म्हणजे एकाच नुकसानीची दोनदा भरपाई घेणे होय. म्हणून मालकांना लेखी विचारा : दावा किती रकमेचा केला, किती मंजूर झाला आणि डिपॉझिटमधून नेमके कशाचे किती कापणार आहात. जुन्या ट्रॉल्यांच्या जागी नव्यांची पूर्ण किंमत तुमच्याकडून मागता येणार नाही. तडजोड होणार असेल, तर तुमच्याविरुद्ध कोणतीही मागणी शिल्लक नाही असे मालकांकडून लिहून घ्या. मात्र विमा कंपनीने त्यांना पैसे दिले असतील, तर कंपनीचा हक्क एकटे मालक सोडून देऊ शकत नाहीत, तेव्हा त्या पत्रावर पूर्ण विसंबू नका.

भाड्याचा प्रश्न किल्लीशी जोडलेला आहे. घर राहण्याजोगे नाही, आगीनंतर आम्ही तेथे राहत नाही आणि या तारखेपासून परवाना संपवत आहोत, असे पत्र ई-मेल व रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, सामान हलवा आणि ताबा दिल्याची पोच घेऊन किल्ली परत करा. किल्ली तुमच्याकडे असेपर्यंत ताबा तुमच्याकडेच आहे, असे मालक म्हणू शकतील. तत्पूर्वी करारातील लॉक-इन (ठरावीक काळ घर न सोडण्याची अट) आणि नोटिशीची कलमे वाचा. आग किंवा आपत्ती यासाठी वेगळे कलम असेल, तर तेच प्रथम लागू होईल.

खालच्या शेजाऱ्यांचे नुकसान खरे आहे आणि त्यांच्याशी सौजन्याने बोला, परंतु ‘भरून देऊ’ असे लेखी किंवा मेसेजवर कबूल करू नका. तुमच्या घरात आग लागली एवढ्यावरून तुमची जबाबदारी सिद्ध होत नाही, निष्काळजीपणा कोणाचा होता ते दाखवावे लागते. त्यांनी आधी सोसायटीच्या आणि स्वतःच्या विम्याकडे दावा करावा, हे सुचवणे योग्य आहे.

तुमचे स्वतःचे नुकसान मालकांकडून मागण्यासाठी वस्तूंची यादी, खरेदीची बिले किंवा कार्डची स्टेटमेंट आणि घरातले जुने फोटो जमवून वकिलामार्फत नोटीस पाठवा. दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, पण इतके थांबू नका. नोटीस पाठवायला पैशांची अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पत्नीच्या नावाने अर्ज करता येईल. दावा दाखल करण्यापूर्वीची तडजोडही तेथे होऊ शकते. मालकांच्या विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाण्याचा विचार मात्र करू नका. त्या पॉलिसीत तुम्ही पक्षकार नाही.

पुढच्या घरासाठी स्वतःचा विमा अवश्य घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी विकावी लागते, आणि भाडेकरूला तिच्यात केवळ घरातील सामानाचा विमा घेता येतो. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे यांचा तिच्यात समावेश आहे. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळूणमध्ये तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांचे सामान पाण्यात गेले, ते आठवले तर पुराचा समावेश किती मोलाचा आहे हे लक्षात येते. वस्तू आज नव्याने घ्यायला जेवढे पैसे लागतील, तेवढी रक्कम ठरवा.

मर्यादाही तितक्याच नीट वाचा. रोख रक्कम येत नाही, दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागावे लागते. शॉर्टसर्किटने जे विद्युत उपकरण स्वतः निकामी झाले, त्या एका उपकरणाचे नुकसान वगळलेले असते, त्याच्यामुळे पसरलेल्या आगीचे नव्हे. म्हणजे तुमच्याकडे ही पॉलिसी असती, तर दोष फ्रिजमध्ये निघाल्यास फ्रिजचे पैसे कदाचित नाकारले गेले असते, परंतु मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, कपाट आणि गाद्यांचे मिळाले असते. चोरीचे संरक्षण आग-पुरासारख्या घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतेच आहे, एरवीच्या घरफोडीसाठी निराळी पॉलिसी लागते; आणि तिच्यातही ‘बळाचा वापर करून प्रवेश’ अशी अट असेल, तर कुलूप न तोडता झालेली चोरी बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ‘हरचंद राय चंदन लाल’ प्रकरणात ठरवले आहे. मालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर आली तर ती भरून देणारे दायित्व संरक्षण या प्रमाणित पॉलिसीत नाही. काही कंपन्यांच्या पॅकेज पॉलिसींत ते मिळते, आणि तुमच्या अनुभवानंतर ते मागून घेण्यासारखे आहे.

भाडेकरूंच्या हातून सर्वाधिक राहणारी गोष्ट पत्त्याची आहे. पॉलिसी ठरावीक पत्त्यावरील सामानाची असते. अकरा महिन्यांनी घर बदलले आणि कंपनीला कळवून पत्ता बदलून घेतला नाही, तर हप्ता भरूनही दावा अडतो. गॅसजोडणीचेही तसेच आहे : सिलिंडरच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी घेतलेल्या विम्यातून ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी प्रति घटना २ लाख रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते, पण अनेकांची जोडणी गावच्या किंवा जुन्या घराच्या पत्त्यावरच राहिलेली असते. नव्या घरात सामान उतरवण्याच्या आठवड्यातच दोन्ही पत्ते बदलून घ्या.