टाइट्स मुलीच्या पायांच्या रंगाच्या हव्यात

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. कालिदास कलामंदिरात तिच्या डान्स क्लासचा कार्यक्रम आहे. फ्रॉकखाली 'स्किन कलर' टाइट्स घालायला सांगितल्यात. मेन रोडवरून आणल्या, तर तिच्या सावळ्या पायांवर त्या गुलाबट दिसतात. शिवाय घालतानाच एक धागा सुटून वरपर्यंत ओळ गेली. नाच अनवाणी आहे. काय करू?
– एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, मी नाटक-नृत्याचे कपडे शिवते, म्हणून आधी रंगाचंच बोलते. मुलीला त्या गुलाबट टाइट्समध्ये स्टेजवर पाठवू नका. दिव्यांखाली हात-चेहरा एका रंगाचे आणि पाय भलत्याच कोणाचे दिसतात, आणि ते सगळ्यांत आधी तिलाच जाणवतं. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या बॅले संस्थेनं १९७४ मध्येच गुलाबी टाइट्स सोडून प्रत्येक नर्तकीच्या कांतीशी जुळणाऱ्या टाइट्स घ्यायला सुरुवात केली. आपण अजून पाकिटावरचा रंग का मानायचा?

दुकानात जुळता रंग मिळाला नाही तर घरी रंगवा. नायलॉन चहाचा रंग छान धरतं. बिनदुधाचा कडक चहा गाळून कोमट होऊ द्या, टाइट्स साध्या पाण्यात भिजवून मग त्यात बुडवा, सारख्या हलवत राहा. उकळत्या पाण्यात टाकू नका, त्यातला ताणणारा धागा, म्हणजे लायक्रा, सैल पडते. ओल्यापणी रंग गडद भासतो, त्यामुळे सावलीत वाळवून, पायावर धरूनच ठरवा. फिका वाटला तर पुन्हा बुडवा.

ओळ सुटली ती धागा बारीक म्हणून. पाकिटावर डेनिअर बघा. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. नाशिकरोड स्टेशन ते सीबीएस बसस्थानक साधारण तेवढंच अंतर. २० डेनिअरचा तेवढा लांब धागा फक्त २० ग्रॅम भरतो! नाचायला ६०च्या पुढचं घ्या. घालताना अंगठ्या, पैंजण काढून, टाइट्सचा पाय गोळा करून बोटांपासून वर चढवा. सुटलेल्या ओळीच्या टोकाला पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका दिला की ती तिथंच थांबते.

अनवाणी नाचात तळवा झाकणारं नायलॉन लाकडी स्टेजवर घसरतं, त्यात हयगय नको. घोट्यापर्यंतच्या किंवा तळव्याला भोक असलेल्या टाइट्स मागा. आणि एक जादा जोडी पिशवीत ठेवा, तीही त्याच चहात रंगवलेली.