सर्दीतापाच्या गोळ्या किती आणू, असं विचारलंत म्हणून

नवऱ्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे, मेसालामाइन (सूज कमी करणारं) आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं) ही औषधं चालू आहेत, म्युनिकला येताना सर्दीतापाच्या कुठल्या गोळ्या आणू, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा-विम्याचं कुठेही वाचायला मिळेल. गोळ्यांचं सांगते, कारण हा आजार मलाही आहे आणि ही माती मी खाऊन झाले आहे.

आमचा इथला पहिला हिवाळा. अंग फणफणलेलं. बॅगेत आईनं रबर बँड लावून दिलेल्या तापाच्या गोळ्या होत्या, तीन दिवस घेतल्या. त्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही होतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर कोण वाचतो? आठवड्याभरात शौचातून रक्त पडायला लागलं. गोळीनंच झालं असं डॉक्टरही छातीठोकपणे म्हणाले नाहीत, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी हा आजार उसळू शकतो. आम्हाला तापाला सहसा साधं पॅरासिटामॉलच सांगतात. सर्दीच्या 'सगळं एकात' गोळ्यांत इथेही बऱ्याचदा आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन असतं. शिवाय ज्यांत पॅरासिटामॉल असतं, त्यांच्यावर वेगळं पॅरासिटामॉल घेतलं की डोस दुप्पट. आणि अझाथायोप्रिनवर असताना ताप आला तर गोळी घेऊन झोपू नका, डॉक्टरांना फोन करा. त्या औषधानं पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात.

इथे पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटात मिळत नाही, अपोथेकेतच, म्हणजे औषधांच्या दुकानातच, जावं लागतं. रविवारी ड्यूटीवर असेल तेवढीच उघडी. दारातल्या छोट्या खिडकीतून बोलायचं, वर अडीच युरो जादा. मी थंडीत कुडकुडत 'मेसाकॉल, मेसाकॉल' म्हणत होते आणि आतल्या बाईंना काही कळत नव्हतं. मेसाकॉल हे आपल्याकडच्या कंपनीचं नाव, आतलं औषध मेसालामाइन, आणि इथे त्याला मेसालाझिन म्हणतात. तेव्हा सर्दीतापाच्या गोळ्यांची पोतडी नको. कंपनीची नव्हे, औषधांची मूळ नावं आणि डोस लिहिलेला कागद आणा. तो खिडकीतून आत सरकवा आणि सर्दीचं कुठलं चालेल ते विचारा. हे लोक नीट बघून सांगतात.

एवढंच लिहिणार होते. पण त्या हिवाळ्यात मी तीन आठवडे इस्पितळात होते आणि मुलगी चौथीत. बव्हेरियात (म्युनिकच्या राज्यात) गिम्नाझियमसाठी, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, चौथीला 2.33 सरासरी लागते, आकडा जितका कमी तितका चांगला. तिची 2.66 आली. जर्मन शुद्धलेखनानं घात केला, आणि रोज संध्याकाळी ते मीच घ्यायचे. शाळेतल्या बाईंनी निकालाचा कागद हातात ठेवला आणि छान हसल्या. मुलगी आता रेआलशुलंत, म्हणजे त्याखालच्या मधल्या शाळेत, मजेत आहे, मीच नाही.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. दर दिवाळीला कोणी ना कोणी इकडे येणारं असतं, आणि फराळाच्या डब्यात चकल्यांखाली तीच पट्टी निघते, रबर बँड लावलेली.