फवारणीचा सल्ला कुणाचा घ्यायचा?

द्राक्षबाग नवीन असली की सल्ले देणारे दहा जण भेटतात. नावामागची पदवी किंवा बागेचे एकर पाहून कुणाचं ऐकू नका. आधी तो काय विचारतो ते पाहा. जाणकार माणूस द्राक्षाची जात विचारेल, गोडी छाटणीला (फळ धरण्यासाठीच्या छाटणीला) किती दिवस झाले, पहाटे दव पडतं का, शेवटची फवारणी कशाची केली, हे विचारेल. पानावर डाग आहेत म्हणताच औषधाचं नाव फेकणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

डाग पाहायलाही पान उलटावं लागतं. वरून पिवळसर तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी असेल तर डाऊनी हा बुरशीचा रोग. राख भुरभुरल्यासारखी पूड असेल तर भुरी, हाही बुरशीचाच रोग. फक्त वरच्या बाजूचा फोटो पाहून छातीठोक निदान करणारा अंदाजच मारत असतो, मग तो कृषी पदवीधर का असेना.

औषध सांगितलं की त्यातला घटक, टक्केवारी आणि पाण्याचं प्रमाण विचारा. ‘लिटरला 2 ग्रॅम’ एवढं पुरत नाही. एकरी 200 लिटर पाण्यात ते 400 ग्रॅम होतं, 400 लिटरमध्ये 800. शिवाय काढणीआधी किती दिवस थांबायचं? निर्यातीच्या मालात हे चुकलं तर औषधाच्या अवशेषांमुळे कंटेनर अडकतो. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारस यादीत ते औषध आहे का, तेही स्वतः ताडून पाहा.

सांगणाऱ्याचंच औषधाचं दुकान असेल तर त्याचा सल्ला लगेच खोटा ठरत नाही. फक्त दुसऱ्याला विचारल्याशिवाय बाटली फोडू नका.