फाटकाला गाडीची चाहूल कशी लागते?

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या रेल्वे फाटकावर एकही माणूस नसतो, तरी गाडी दिसण्याआधीच दांडा खाली येतो. हे कसे घडते?

उत्तर : ही चाहूल रुळांतूनच लागते. फाटकाकडे येणाऱ्या रुळांचा ठरावीक लांबीचा तुकडा सांध्यांत विद्युतरोधक घालून बाकीच्या रुळांपासून अलग केलेला असतो. त्याच्या एका टोकाला बॅटरी व दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढली जाणारी कळ, असतो आणि एका रुळातून जाऊन दुसऱ्यातून परतणाऱ्या क्षीण विजेवर तो रिले ओढलेला राहतो. गाडीची पुढची चाके तुकड्यात शिरली की त्यांचा लोखंडी आस दोन्ही रूळ जोडतो, वीज त्या सोप्या वाटेने परत फिरते, रिले सुटतो आणि दिवे व घंटा सुरू होऊन दांडा खाली येतो. अमेरिकी संशोधक विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये प्रथम याच्या उलट रचना केली होती. तीत गाडी आल्यावर वीज सुरू होई, त्यामुळे बॅटरी संपली तर गाडी येऊनही कळत नसे. १८७२ मध्ये त्यांनी ती उलटवली. आज तार तुटली, रूळ तडकला किंवा बॅटरी बसली, तरी फाटक गाडी आल्यासारखेच वागते. मला या शोधाचे खरे मोल इथेच वाटते.

प्रश्न : मालगाडी रांगत येते, पॅसेंजर सुसाट. मग दोघींसाठी थांबावे लागण्याचा वेळ साधारण सारखाच कसा?

उत्तर : अमेरिकी नियमानुसार गाडी पोहोचण्याआधी किमान २० सेकंद इशारा मिळालाच पाहिजे. ताशी १२७ किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात सुमारे ७०० मीटर येते, म्हणून तुकडा वेगवान गाडीच्या हिशेबाने लांब ठेवावा लागतो आणि साध्या रचनेत संथ मालगाडीसाठी लोक उगाच ताटकळतात. यावर उपाय म्हणून अनेक फाटकांवर रुळांत प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणारी, एसी) वीज सोडतात. गाडी जवळ येईल तसा त्या विजेला होणारा अडथळा घटतो, आणि तो किती झपाट्याने घटतो यावरून यंत्र गाडी केव्हा पोहोचेल ते ताडते. फाटकाच्या अलीकडच्या स्टेशनात गाडी थांबली, तर ते फाटक पुन्हा उघडूही शकते.

प्रश्न : गाडी नसताना फाटक पडून राहिले, तर वळसा घालून जावे का?

उत्तर : मुळीच जाऊ नये. मुसळधार पावसात भिजलेल्या खडीतून वीज गळून रिले सुटलेला असू शकतो, पण दारात उभे राहून आपल्याला ते ओळखता येत नाही. फाटकाजवळच्या निळ्या पाटीवर दूरध्वनी क्रमांक व त्या फाटकाचा क्रमांक असतो, तिथे कळवावे. मला अधिक काळजी वाटते ती उलट्या बिघाडाची. क्वचित वापरातल्या रुळांवर गंजाचा थर चढला, तर चाकांचा रुळांशी नीट विद्युतसंपर्क होत नाही आणि गाडी जाणवतच नाही. म्हणून फाटक उघडे असले, तरी दोन्हीकडे पाहूनच ओलांडावे.

प्रश्न : आपल्या महाराष्ट्रातही असेच असते का?

उत्तर : आपल्याकडे फाटक बहुधा गेटमनच्या हाती असते. स्टेशन मास्तर त्याला दूरध्वनीवरून गाडीची सूचना देतात आणि फाटक बंद झाल्याची खूण म्हणून तो त्यांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे यादीतला एक गुप्त आकडा, सांगतो. इंटरलॉक फाटकावर तर दांडे पडून कुलूप बसल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होतच नाही. म्हणजे तिथे गाडीच फाटकासाठी थांबते. ब्रॉडगेजवरची विनागेटमन फाटके २०१९ च्या जानेवारीत संपुष्टात आली.