पद्मिनीचं कर्ज राहू द्या, आधी आईची पॉलिसी परत करा

सांगलीतल्या विश्रामबागेतून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४३, कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर, हातात पगार ५८ हजार. घरी पत्नी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ६८ वर्षांची आई. तीन वर्षांपूर्वी तासगावला मामांच्या शेडमध्ये पडून असलेली १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी त्यांनी मामींकडून ६० हजारांना घेतली. तेव्हापासून सुट्टीचा दिवस पोर्चमध्ये, गाडीखाली. इंजिन स्वतः उतरवलं, हेड फेसिंग करून आणलं, कार्बोरेटर उघडून साफ केला, चारही ड्रमचे ब्रेक नवे केले. आतापर्यंत गाडीवर १ लाख ४० हजार गेले.

आता त्यांचा प्रश्न असा: पुढच्या कामासाठी ३ लाखांचं पर्सनल लोन घ्यावं का? १४ टक्के व्याज, मुदत ३ वर्षं. त्यातून मूळ इंजिन काढून मारुतीचं बसवायचं, एसी, अलॉय व्हील, नवा रंग. अशा तयार गाड्या ८ लाखांना गेल्याचे व्हिडिओ त्यांनी पाहिले आहेत. म्हणजे हौसही होईल आणि दोन पैसेही सुटतील.

गाडीबद्दल सांगतो, पण आधी तुमच्या पत्राच्या शेवटी ओझरतं आलेलं एक वाक्य घेतो. तुम्ही लिहिलंय, "हप्त्याची काळजी नाही, कारण आईची ६ लाखांची एफडी संपली तेव्हा बँकेतल्या साहेबांनी त्यातले ३ लाख विम्याच्या दामदुप्पट योजनेत टाकले आहेत, पाच वर्षांनी ६ लाख मिळतील. पर्सनल लोनही तेच करून देणार आहेत. पॉलिसीची फाइल पंधरा दिवसांपूर्वी कुरिअरनं आली, कपाटात ठेवली आहे."

पाच वर्षांत दुप्पट व्हायला किती व्याज लागतं, हे तोंडी काढता येतं. ७२ ला वर्षांनी भागलं की दुप्पट व्हायला लागणारा व्याजदर ढोबळमानानं निघतो. ७२ ला ५ नं भागा, उत्तर १४ टक्क्यांच्या वर. पोस्टाचं किसान विकास पत्र साडेसात टक्क्यांनी पैसे दुप्पट करतं, त्याला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. मग एखादी विमा कंपनी पाच वर्षांत, हमीनं, वर विमा देऊन दुप्पट कुठून करणार? म्हणून पत्र वाचल्यावर त्याच दिवशी मी तुमच्याकडून त्या फाइलचे फोटो मागवून घेतले. ते नीट पाहिले आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

फाइलच्या दुसऱ्या पानावरचा चौकोन बघा. प्रीमियम ३ लाख, वार्षिक. प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं. पॉलिसीची मुदत २० वर्षं. मुदतीअखेर मिळणारी रक्कम ६० लाख. म्हणजे "दुप्पट" हा शब्द साहेबांनी कागदावरूनच उचलला होता. फक्त ते दुप्पट ३ लाखांचं नाही, ३० लाखांचं आहे, आणि ते मिळेल तेव्हा आई ८८ वर्षांची असेल. परतावा काढला तर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास निघतो. एवढं किंवा याहून जास्त व्याज साधी एफडी देते, आणि एफडी पुढच्या वर्षी पुन्हा ३ लाख मागत नाही.

पुढच्या वर्षीचं बघा. आईकडे आता एफडीत ३ लाख उरलेत. दुसऱ्या हप्त्यात ते जातील. तिसऱ्या हप्त्याला काय? तुम्ही लिहिलंय की आईला वडिलांची फॅमिली पेन्शन महिना १७ हजार येते. वर्षाचे २ लाख ४ हजार. औषधं, भाजी, लाइटबिल काही न करता सगळी पेन्शन भरली तरी हप्ता पुरा होत नाही. हप्ते थांबवले, तर हातात येणारी रक्कम भरलेल्यापेक्षा बरीच कमी असते. तिचा तक्ता त्याच फाइलमध्ये मागे आहे, तोही वाचा.

सगळ्यात वाईट पान प्रस्ताव अर्जाचं आहे. त्यात आईचा व्यवसाय "शेती व व्यापार" आणि वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिलंय. तुमच्याकडे शेती नाही. व्यापार तर नाहीच. वर्षाला ३ लाखांचा हप्ता पेलेल असं कागदावर दिसावं म्हणून कुणीतरी टेबलावर बसून तो आकडा टाकला आणि खाली आईची सही घेतली. विमा आईच्या वयाला परवडत नाही म्हणून तो तुमच्या आयुष्यावर काढलाय. कंपनीचा पडताळणीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, असंही साहेबांनी सांगितलं असणार. हे मी अंदाजानं म्हणतोय, पण अशी प्रकरणं वर्षानुवर्षं याच क्रमानं माझ्यासमोर येतात. एफडी संपायची तारीख बँकेला आधीपासून माहीत असते. त्या दिवशी काउंटरवर आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पासबुकावर शिक्का हवा असतो आणि त्याच्या हातात अर्ज ठेवला जातो. मला याचा संताप येतो, आणि तो लपवण्याचं काही कारण दिसत नाही.

पण तुमच्याकडे अजून वेळ आहे. पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात, आणि विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी ही मुदत सरसकट ३० दिवस केली आहे. तुमचे पंधरा दिवस गेलेत, पंधरा उरलेत. जितके दिवस विमा चालू होता तेवढ्याचं जोखमीचं शुल्क, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा करून बाकी पैसे परत मिळतात. ३ लाखांतून कापली जाणारी रक्कम किरकोळ असेल.

अर्ज आईच्या सहीचा लागेल, तुमच्या नाही, कारण पॉलिसीची मालक ती आहे. साध्या कागदावर लिहा: पॉलिसी क्रमांक, कागदपत्रं मिळाल्याची तारीख, आणि कारण. कारणात गोडगोड काही नको. "एकदाच पैसे भरायचे असं सांगून दरवर्षी हप्ता भरण्याची पॉलिसी दिली, उत्पन्न व व्यवसाय चुकीचा लिहिला, या अटी मान्य नाहीत, म्हणून पॉलिसी रद्द करावी." सोबत मूळ पॉलिसी, आईचा रद्द केलेला चेक, ओळखपत्र. हे विमा कंपनीच्या शाखेत नेऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. बँकेच्या साहेबांकडे देऊन येऊ नका. तिथं तो कागद ड्रॉवरमध्ये राहतो आणि ३० दिवस उलटतात. त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवरही पाठवा आणि कुरिअरचं पाकीट जपून ठेवा, कागदपत्रं कधी मिळाली याचा तोच पुरावा. साहेबांचा फोन येईल. वर्षभर ठेवा, पुढच्या वर्षी हप्त्याचं बघू, म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका. अर्ज दिलाय, एवढंच सांगा.

कंपनीनं टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. तिथंही भागलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. सांगली जिल्हा पुण्याच्या लोकपालांकडे येतो, फी लागत नाही, वकील लागत नाही. ज्या वाचकांचे ३० दिवस उलटून गेलेत, त्यांनी कंपनीकडे लेखी तक्रारीनं सुरुवात करून याच वाटेनं जावं. वाट लांब आहे, तरी चुकीचं उत्पन्न लिहिलेला अर्ज हा तुमच्या बाजूचा भक्कम कागद असतो.

पैसे परत आले की आईच्या ६ लाखांपैकी १ लाख दवाखान्यासाठी साध्या एफडीत ठेवा आणि ५ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ८.२ टक्के दरानं वर्षाला ४१ हजार, दर तीन महिन्यांनी खात्यात. आईला ७० पूर्ण झाली की आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढा, ५ लाखांपर्यंतचा दवाखाना त्यात बसतो.

आता गाडी. कर्ज घेऊ नका.

तुमच्याच आकड्यांनी: ५८ हजारांतून घराचा हप्ता १६ हजार, शाळा ८, घरखर्च २०, म्युच्युअल फंडाची एसआयपी ५. उरले ९ हजार. ३ लाखांच्या कर्जाचा हप्ता सव्वादहा हजार. पहिल्याच महिन्यात खड्डा. तीन वर्षांत व्याजाचेच ७० हजार जातील. आणि हे कर्ज ज्या ६ लाखांतून फिटणार होतं, ते ६ लाख येणारच नव्हते.

विकून पैसे सुटतील हेही मनातून काढा. ६० हजार, १ लाख ४०, ३ लाख आणि व्याज मिळून ५ लाख ७० हजार गाडीत गेलेले असतील. पत्र्याचं काम ठरल्या पैशात होत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. रंग खरवडल्यावर खाली किती पत्रा सडलाय ते कळतं. व्हिडिओतला ८ लाखांचा आकडा हा मागितलेला भाव असतो. किती दिवस गाडी तशीच उभी राहिली आणि शेवटी कितीला गेली, ते कुणी सांगत नाही.

त्याहून मोठी अडचण इंजिनाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेली मूळ रचना मनानं बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. मारुतीचं इंजिन बसवलेली पद्मिनी आरटीओत फिटनेसला उभी करायची कशी? अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला हेच कारण पुरेल. शिवाय जाणकार गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजतं, ते १०८९ सीसीचं मूळ इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर, तेच तुम्ही काढून टाकायला निघालात. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, २० हजार रुपये फी आणि व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट. तुमची गाडी त्यात २०३६ मध्ये बसेल, पण फक्त मूळ रूपात राहिली तर. ती नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापराला मात्र काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांपुरतीच.

आरसी अजून कैलासवासी मामांच्या नावावर आहे, नोंदणीचं शेवटचं नूतनीकरण २०११ मधलं आहे आणि तरी तुम्ही ब्रेक बघायला गाडी शंभर फुटी रस्त्यापर्यंत नेता, हे वाचून मी थांबलो. नूतनीकरण नाही, विमा नाही. एखादा सायकलवाला आडवा आला तर भरपाई तुमच्या खिशातून, आणि ती लाखांत असते. आधी मामींची ना-हरकत, वारसाचा फॉर्म ३१ आणि मामांचा मृत्यू दाखला घेऊन नाव लावून घ्या, मग नूतनीकरण. २० वर्षांहून जुन्या कारची फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झाली आहे, शिवाय विलंब शुल्क आणि पर्यावरण कर वेगळा. तोवर गाडी फाटकाबाहेर नको. नंतर विमा काढताना नुसता थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा) पुरेल का, याचाही विचार करा. थर्ड पार्टीत पुराचं नुकसान बसत नाही, आणि २०१९ च्या महापुरात सांगलीत पाण्याखाली गेलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या आहेत.

आणि गाडीखाली झोपता तेव्हा नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. तुमच्या जिवावर चार माणसं अवलंबून आहेत आणि विमा म्हणाल तर कंपनीचा गटविमा आणि ही परत करायची पॉलिसी. १ कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स काढा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. त्याचा हप्ता उरलेल्या ९ हजारांत बसेल. आईची पॉलिसी आज परत द्या, आणि टर्म इन्शुरन्सही लांबवू नका, दोन्ही कामं याच पंधरवड्यात.

हौस सोडा असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांत १ लाख ४० हजार म्हणजे महिना चार हजारांच्या आत. हा वेग तुम्हाला झेपला, यात कर्ज झालं नाही, घरात भांडण झालं नाही. तोच ठेवा. गाडीसाठी वेगळं बचत खातं काढा, दर महिन्याला ४ हजार त्यात टाका आणि पार्ट फक्त त्याच खात्यातून घ्या. पहिल्या वर्षीचे ४८ हजार आरसी, नूतनीकरण आणि विम्यात जवळजवळ संपतील. दुसऱ्या वर्षी फ्लोअर आणि सिलचा (दारांखालच्या पट्टीचा) पत्रा, त्यानंतर वायरिंग. एसी आणि अलॉय यादीतून काढून टाका. रंग सगळ्यात शेवटी, आणि आरसीवर जो आहे तोच.