मेकॅनिकल सोडून क्लाउडकडे वळू का?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मशीनमध्ये मन रमतं, पण वर्गातले बरेच जण क्लाउडचं सर्टिफिकेट घेऊन आयटीकडे निघालेत. मीही तेच करू का? तीन वर्षं वाया गेली असं वाटतंय. – एक विद्यार्थिनी

उत्तर : वाया काहीच गेलेलं नाही, हे आधी सांगते. क्लाउड (नेटवरून भाड्याने वापरायचे मोठे कॉम्प्युटर) जरूर शीक, पण मशीन सोडू नकोस. का, ते एका बेअरिंगवरून बघ.

मशीनच्या स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर व्हायब्रेशन सेन्सर बसवलाय आणि तो सेकंदाला १०,००० रीडिंग घेतोय, असं समज. एका रीडिंगला दोन बाइट धरले तरी दिवसाला पावणेदोन जीबी डेटा जमतो. असे २०० सेन्सर असले की रोजचे जवळजवळ साडेतीनशे जीबी! एवढा सगळा डेटा क्लाउडवर चढवणं सहसा परवडत नाही. म्हणून मशीनशेजारच्याच छोट्या कॉम्प्युटरवर हिशोब करतात (याला एज कॉम्प्युटिंग म्हणतात) आणि कामाचे तेवढे आकडे वर पाठवतात. आता कामाचे आकडे कोणते? बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला चरा पडला, तर त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी ठोका देते. सेकंदाला किती ठोके पडतील हे गोळ्यांची संख्या, मापं आणि शाफ्टचा वेग यांवरून काढता येतं. हे गणित तुला उमगेल. क्लाउडच्या सर्टिफिकेटमध्ये ते शिकवत नाहीत.

क्लाउड कशासाठी वापरायचा नाही, हेही मशीनवाल्यालाच चटकन कळतं. गार्ड (मशीनचं संरक्षक झाकण) उघडलं की मशीन त्याच क्षणी थांबलं पाहिजे. तिथे नेटची वाट बघत बसलं तर कुणाचा तरी हात जाईल. ते काम पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) आणि सेफ्टी रिले (धोका होताच मशीन बंद करणारा स्विच) यांचंच. वेगवेगळ्या प्लांटमधला वर्षानुवर्षांचा डेटा एकत्र करून कुठलं बेअरिंग कधी बदलायचं ते ठरवायला मात्र क्लाउडसारखी सोय नाही.

तेव्हा सुरुवात पीएलसीपासून कर. मग मशीनशी डेटाची देवाणघेवाण करायचे ठरलेले नियम, म्हणजे प्रोटोकॉल शीक. त्यातला मॉडबस १९७९ सालचा आहे, पण जुन्या मशीनशी बोलायला आजही लागतो. मग ओपीसी यूए आणि एमक्यूटीटी. एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवरची माहिती सॅटेलाइटवरून आणण्यासाठी तयार झाला, म्हणूनच तो कमकुवत नेटवरही निभावून नेतो. सोबत पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा). त्यानंतर एडब्ल्यूएस, अझ्युर, गूगल यांपैकी कुठलाही एकच क्लाउड घे. एक नीट आला की दुसरा फार जड जात नाही. सर्टिफिकेट शेवटी घेतलंस तरी चालेल. सिक्युरिटीकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष दे, कारण मशीन नेटला जोडलं की बाहेरच्यांनाही वाट मिळते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यातलाच निवड. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या एका मोटरला सेन्सर लाव आणि तिचे आकडे क्लाउडवरच्या डॅशबोर्डवर आण. मग मुद्दाम दहा मिनिटं नेटची केबल काढून ठेव. केबल परत जोडल्यावर मधल्या दहा मिनिटांचे आकडे आपोआप वर आले, तेही आपापल्या खऱ्या वेळेसह, तर इंटरव्ह्यूत सर्वांत आधी तेच दाखव. नाही आले, तर कुठे अडलं ते मला सविस्तर कळव.